भेटायला आलेली माणसं

जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि केराबाई दाराशी आली. आधी काठी बाहेर आली, मग पांढरा पटका, मग खुद्द जोतिराम आबा. तिचे थोरले दीर, मोडनिंबच्या सगळ्या भावकीचे आबा. मागून आणखी चौघे उतरले. एकाच्या हातात केळीचा फणा, दुसऱ्याच्या हातात अंगाऱ्याची पुडी.

"कोण आलंय गं?" आतल्या खोलीतून रावजीनं विचारलं. नवऱ्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी अशी आशा डोकावली होती.

"कुणी न्हाय. भंगारवाला हाय," असं दडपून सांगून केराबाईनं दार अर्धं लोटलं आणि उरलेल्या फटीत स्वतः उभी राहिली.

तिच्यावर ही पाळी आणली ती रावजीच्याच स्वभावानं. होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये त्यानं उभा जन्म रूळ सांभाळले आणि उरल्या वेळात आजारी माणसं. कुणाचं अपेंडिक्स काढलंय, कुणाचा पाय मोडलाय, कुणाला नुसतं जुलाबाचं सलाइन लागलंय, रावजी डझनभर केळी घेऊन हजर. आजाऱ्याच्या उशाशी बसायचा, त्याचा हात हातात घ्यायचा, "काय होत न्हाय, आठ दिसांत रानात जाशील," म्हणायचा आणि बोलता बोलता त्यातली निम्मी केळी स्वतःच संपवायचा. ज्याला भेटायला कुणी येत नाही तो मेल्यात जमा, असं त्याचं ठाम मत होतं.

मग त्याच्याच गळ्यात गाठी आल्या. त्या कॅन्सरच्या निघाल्या आणि केमो घ्यायचं ठरलं, तेव्हा अर्धा जिल्हा परतफेडीला निघाला.

पहिल्या डोसाआधी दवाखान्यातल्या पायल सिस्टरनं केराबाईला समोर बसवून एकेक गोष्ट समजावली होती. किडलेला दात आधी काढून घ्या, घरात थर्मामीटर ठेवा, पाणी उकळून द्या, कच्चं काही नको. डोसानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा गर्दी अजिबात नको. केराबाईनं दात काढून आणला, थर्मामीटर आणला. उशीवर केसांचे पुंजके बघून जीव कासावीस व्हायला नको म्हणून न्हाव्याला घरी बोलावून रावजीचं डोकं आधीच बारीक करून घेतलं. सगळं केलं. पण दारात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा न विचारता परत कसं लावायचं, ते काही पायल सिस्टरनं शिकवलं नव्हतं.

त्यामुळं पहिल्या डोसानंतर घराचा बाजार झाला. कुणी अंगारा कपाळाला लावून उरलेला जिभेवर ठेवला, कुणी आपल्या हातानं डाळिंबाचे दाणे भरवले. शिंकणाऱ्या एका मेहुण्यानं तर गळ्यात पडून पोटभर रडून घेतलं. रावजी खूश होता. पुढच्याच आठवड्यात थंडी वाजून ताप भरला आणि त्याला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला, पण दुसरा डोस लांबला.

"मावशी, गाठी कमी व्हायला लागल्यात. औषध चांगलं लागू पडतंय," घरी सोडताना पायल सिस्टर म्हणाली होती. "पण असा ताप पुन्हा आला तर दरवेळी निभावेल असं नाही." केराबाईनं मान डोलावली.

आता दुसरा डोस होऊन आठवडा उलटला होता. रावजीच्या तोंडात फोड आले होते. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणून त्यानं स्टीलचा चमचा भिरकावला, तर तिनं लाकडी आणला. फोडणीच्या वासानं त्याला उलटी व्हायची म्हणून तिनं आपली कढईच समोरच्या शिवप्पांच्या चुलीवर नेली. भाकरी चावत नव्हती, तेव्हा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून, दुधात कालवून द्यायची. मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला लावायची. हे सगळं तो मुकाट्यानं करायचा आणि दाराकडं बघत बसायचा.

"कुणीच येईना गं. लोकांनी टाकलं का काय मला?"

केराबाई कण्या ढवळत राहायची. 'झोपल्यात' असं सांगून लोकांना पायरीवरूनच परत लावणारी तीच होती. पण लोक वेगळे आणि आबा वेगळे.

आबांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ते आले की उंबऱ्याशी खाकरायचे आणि ते ऐकून घरातल्या बायका आत सरकायच्या. चहा रावजीच्या हातून बाहेर जायचा. तिला काही विचारायचंच झालं तर आबा भिंतीकडं बघून रावजीला "घरात विचार," म्हणायचे.

आबा पायरीशी आले आणि खाकरले. केराबाई हलली नाही. ते पुन्हा खाकरले, पण ह्या खेपेला खोकल्याची उबळच आली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"आबा, आत येऊ नगा."

मागचे चौघे जागच्या जागी थिजले.

"कोण बोलतंय?" आबांनी भिंतीला विचारलं.

"मी बोलतीया. तुमास्नी पडसं हाय. ह्यांच्या अंगात आता काय बी सोसायची ताकद न्हाय. मागल्या बारीला समदी भेटून गेली, आन् ह्यास्नी मरता मरता आणलंय माघारी. म्या न्हाय सोडणार आत."

"मोडनिंबास्नं आलोय मी. पाठचा भाव हाय माझा."

"म्हणून तर म्हणतीया की. भाव पायजे आसंल तर आज भेटू नगा."

आबांनी पाठ फिरवली आणि काठी टेकत चालू लागले. संपलं, केराबाईला वाटलं. आता मोडनिंबचं दार आपल्याला कायमचं बंद.

आत आली तर रावजी उठून बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बापाच्या जागी हाय त्यो मला! दारातनं माघारी लावलंस त्याला? आता मयतीला तरी कोण येनार माझ्या?"

"मला तुमची मयत करायचीच न्हाय," केराबाई म्हणाली आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं. रावजी तिच्याकडं बघत राहिला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"रावज्या! खिडकी उघड रं."

केराबाईनं डोळे पुसून खिडकी उघडली. गल्लीच्या पलीकडं शिवप्पांच्या ओट्यावर आबा बसले होते. उपरणं नाकातोंडाला बांधलेलं.

"दिसतोस की हितनं! केस कुटं गेलं तुझं?"

"औषधानं गेलं, आबा," रावजी क्षीण आवाजात ओरडला. "परत येत्यात म्हणं!"

"माझं बिनऔषधाचं गेलं. त्ये काय आलं न्हाय बाबा परत."

सगळी गल्ली हसली. मग म्हैस व्याल्याचं निघालं, रेडी झाल्याचं निघालं, बोअरचं पाणी खाली गेल्याचं निघालं. मोडनिंबची झाडून सगळी बातमी गल्ली ओलांडून आली. रावजी खिडकीच्या गजाला धरून ऐकत होता.

थोड्या वेळानं एक रिक्षा आली. मोहोळची चुलतबहीण, तिचा नवरा, दोन सुना आणि केळी. सगळे थेट दाराकडं निघाले, तशी आबांनी काठी आडवी घातली.

"कुटं निघाला? हितंच बसायचं."

"आसं काय आबा, लांबनं आलोय. तोंड बघून जाऊ की."

"खिडकीतनं बघा. मलाबी न्हाय सोडलं आत." आबांनी ओट्यावर हात आपटला. "आमच्या केराबाईनं सांगितलंय."

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून आबांच्या तोंडून तिनं आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. ती चहाचं आधण ठेवायला वळली. रावजी हसत होता. हसताना तोंडातले फोड दुखत होते, म्हणून एका हातानं गाल धरून हसत होता.

पुढचं दार उघडंच होतं. केराबाई ते लावायला गेली नाही.