उजवा कौल

लस नको म्हणणाऱ्या बायांना मी त्यांच्याच पडवीत उभी राहून झापते. अंगणवाडी सेविका आहे, माझं कामच आहे ते. ‘देवाला विचारून सांगते’ असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. तीच मी, माझ्या सानवीच्या पाठीचं विचारायला देवळात गेले.

सानवी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचा कणा एका अंगाला वाकत चालला होता, पट्टा बांधूनही थांबेना. मुंबईच्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. सळ्या आणि स्क्रू कणा सरळ धरतील, पण मणके एकमेकांना कायमचे जुळायला मधे हाडाचे तुकडे भरावे लागतात. ते तिच्याच कमरेच्या हाडातून काढायचे, नाहीतर मेलेल्या दात्याच्या हाडाचे, तपासून शुद्ध केलेले, हाडांच्या पेढीतून आणायचे.

“या वयात दोन्हीने मणके जुळतात,” डॉक्टर म्हणाले. “पण कमरेचं काढलं तर दुसरी जखम होते. काहींची ती जागा वर्षानुवर्षं दुखते. मी तरी दात्याचं घेईन.”

“मग दात्याचंच घ्या,” सानवी लगेच म्हणाली.

सासूबाईंच्या अस्थी आम्ही मडक्यात घालून फणसाला टांगल्या होत्या, उंबऱ्याच्या आत घेतल्या नव्हत्या. आणि परक्या मेलेल्या माणसाचं हाड पोरीच्या पाठीत घालून घरात आणायचं? तो कोण असेल, कुठल्या जातीचा असेल, हेसुद्धा मनात आलं. खोटं कशाला सांगू? नवरा मुंबईत कामाला. अनिल फोनवर म्हणाला, “तूच ठरव, मला त्यातला काय कळत नाय.”

म्हणून गावदेवीला कौल लावला. सदू गुरवाने देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “आये, पोरीच्या पाठीत दुसऱ्याचा हाड घातला तर चालेल काय? चालत असेल तर उजवा दे.”

थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली.

सानवी खांबाला टेकून उभी होती. ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल.

“पंख्याने पडली ती,” मी म्हणाले. “पंखा बंद करा नि परत लावा.”

सदूने माझ्याकडे पाहिलं. “वैनी, देवीन उजवा दिलान. एकदा दिलान की परत इचारू नये.”

“पंखा बंद करा म्हणते ना!”

त्याने पंखा बंद केला. दुसऱ्या वेळी डावी पडली. मी हात जोडले, अनिलला फोन लावला, देवी नको म्हणते म्हणून सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की सानवीकडे बघायचंही सुचलं नाही.

तिच्या कमरेचं हाड काढलं. पाठ सरळ झाली, दोन बोटं उंचही झाली पोर. परवा तपासणीला नेलं तर डॉक्टर म्हणाले, मणके उत्तम जुळलेत. कमरेचं विचारलं तेव्हा म्हणाले, दोन वर्षं झाली, आता ते दुखणं बहुधा राहील.

परतताना खेडहून एस.टी.ने येऊन गावात उतरलो. आमचं घर पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून वर. अर्ध्या पायऱ्यांवर ती थांबली आणि एका अंगावर भार देऊन बसली, आता नेहमी बसते तशी. मांडी घालून जेवायला बसलेली मी तिला दोन वर्षांत पाहिलेली नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “काय करणार गो, देवीची मर्जी.”

“देवीचं नाव नको घेऊस, आई.” आवाज चढला नाही तिचा. “देवी हो म्हणाली होती. डॉक्टर हो म्हणाले होते. मीपण हो म्हणाले होते.”

मी तिला उठवायला हात पुढे केला. तिने कठड्याला धरलं आणि आपली आपण उठली.