सोळावी खोली

“आत आणू नका, वहिनी! तिथेच ठेवा, लाल पट्ट्याच्या पलीकडे.”

वहिनी एक पाय उचललेला, तशाच थबकल्या. हातातलं पुठ्ठ्याचं खोकं त्यांनी दाराबाहेरच्या स्टुलावर टेकवलं आणि रुमालाने कपाळ पुसलं.

“तुझ्यासाठी आहे. त्यांच्या कपाटात सगळ्यात खाली होतं. वर तुझं नाव चिकटवलंय.”

“काय आहे त्यात?”

“तो जुना कॉम्प्युटर. तुमच्या लहानपणचा.”

धाकटी “बरं” म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली. चिमटे चौदा, कात्र्या सहा, सुईधारक चार. ट्रे बंद करण्याआधी ती तीनदा मोजायची. नियम दोनदाचा होता, तिसरी खेप तिची स्वतःची. एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या या खोलीत ती ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, बांधून वाफेच्या यंत्रात ठेवत आली होती. वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आत यायची, स्वच्छ झालेली दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायची. लाल पट्टा ओलांडून बाहेरचं काही आत यायचं नाही, मग ते मेलेल्या भावाचं का असेना.

धाकटी म्हणजे काही लहान नव्हे. वय त्रेपन्न, गुडघे साठीचे, पण घरात एकदा पडलेलं नाव कुठे सुटतं? आता तर तिला धाकटी म्हणायला घरात कुणी उरलंही नव्हतं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. दादा तीन आठवड्यांपूर्वी. दादा गेल्याचा फोन आला तेव्हा ती याच टेबलाशी उभी होती. “हो का,” म्हणाली, फोन ठेवला, आणि ट्रेमधले चिमटे पहिल्यापासून मोजले, कारण आकडा विसरला होता. तेव्हापासून आपल्याला रडू कसं येत नाही याचं तिला नवल वाटत होतं. तेही फार नाही.

“तू आली असतीस तर बरं झालं असतं गं,” वहिनी दारातूनच म्हणाल्या. “शेवटी शेवटी विचारत होते तुला.”

“काय विचारत होते?”

“असंच. कशी आहे, गुडघे कसे आहेत.”

धाकटीने ट्रे बंद केला. वहिनी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

तो कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड होता. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा, कॅसेट घालायची. मग टेप पाच मिनिटं घसा फाटेस्तोवर किंचाळायची आणि पडद्यावर खेळ यायचा. खेळाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, घरात त्याला सगळे ‘खाण’ म्हणत. हेल्मेट घातलेला टीचभर माणूस माती खणत जायचा. हिरे वेचायचे, डोक्यावर दगड पडू द्यायचा नाही, सगळे हिरे झाले की कोपऱ्यातलं दार उघडायचं. अशा पंधरा खोल्या. माणसाला नुसतं उभं ठेवलं की तो पडद्यातून आपल्याकडे तोंड करायचा आणि कंटाळून पाय आपटायला लागायचा. त्याचं नाव दादाने ‘मामा’ ठेवलं होतं, कारण त्यांचे खरे मामा जेवायला उशीर झाला की अगदी असेच पाय आपटत.

खेळायचा दादा, नकाशे काढायची धाकटी. तो सात वर्षांनी मोठा, कीबोर्ड त्याच्या मांडीवर. ती शेजारी चौकटीचा कागद घेऊन बसायची. दगडाला गोल, हिऱ्याला फुली, मातीला टिंब. दादा आंघोळीला गेला की हिच्या वाट्याला पाच मिनिटं यायची, आणि त्यातली चार मामाला पाय आपटताना बघण्यात जायची.

खेळात स्वतःची खोली बांधायचीही सोय होती. दादाला नोकरी लागली आणि तो दुसऱ्या शहरात निघाला, त्याच्या आदल्या दिवशी त्याने सोळावी खोली बांधली. कॉम्प्युटर तो बरोबर नेणार होता. हिला त्याने खोलीचा नकाशा दिला, तिच्याच खुणा वापरून काढलेला.

“ही तुझी. सोडवून दाखव, धाकटे.”

“कॉम्प्युटर तू नेणार, आणि मी सोडवू कशावर? पाटावर?”

“डोक्यात सोडव. वाट आहे, एकच आहे, पण आहे.”

तो कागद तिने जपून ठेवला. पुढे हॉस्पिटलच्या नोंदणी कार्यालयात कॉम्प्युटर आले. तिथल्या एका हौशी कारकुनाने खाणीची नवी आवृत्ती सीडीवर आणली. रंग जास्त, संगीत कानठळ्या बसवणारं, मामाला मिशा फुटलेल्या. खोल्या बांधायची सोय मात्र तशीच होती. जेवणाच्या सुट्टीत धाकटीने नकाशावरून सोळावी खोली बांधली, एकेक चौकट तीनदा ताडून. आणि खेळली. आणि अडकली.

खोलीच्या मधोमध एक दगड घट्ट बसलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे हिरे घेतले की दोन्हीकडे मोकळी जागा व्हायची. मगच शेवटच्या हिऱ्यापर्यंत पोचता यायचं, आणि शेवटच्या हिऱ्यावर तोललेला होता आणखी एक दगड. हिरा काढला की तो दगड सरळ खाली येऊन मधल्या दगडाच्या डोक्यावर टेकायचा आणि उजवीकडे लवंडायचा. उजवीकडे दार. उघडलेल्या दारासमोर दगड बसला की संपलं. मामा आत, दार बाहेर.

नंतर मोबाइलवर आणखी एक आवृत्ती आली. त्यात हिऱ्यांना डोळे होते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी साबण विकायला यायचं. त्यातही तिने ती खोली बांधली. त्यातही दगड उजवीकडेच गेला. आई अंथरुणाला खिळली होती ती नऊ वर्षं हा धाकटीचा विरंगुळा होता. आईला कुशीवर वळवायचं, औषध द्यायचं, झोप लागली की मोबाइल घ्यायचा आणि दगडाखाली अडकायचं. दादा त्या नऊ वर्षांत दोनदा आला. दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात होतं.

फोनवर एकदा ती म्हणाली होती, “दादा, वाट नाहीये त्यात.”

“आहे गं. नीट बघ.”

“शंभर वेळा बघितलं.”

“मग एकशेएकाव्यांदा बघ,” म्हणून तो हसला होता.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा रिकाम्या पलंगावर बसून नोकरीच्या अडचणी सांगत होता. धाकटी आईची औषधं पिशवीत भरत होती. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “त्या तुझ्या खोलीसारखंच केलंस माझं. आत घातलंस आणि वाटच ठेवली नाहीस.”

दादाचा चेहरा उतरला. पण तोही आईचाच मुलगा, माघार कशी घेणार?

“वाट ठेवली होती मी. तुला दिसली नाही, त्याला मी काय करू?”

नऊ वर्षं तिने सोसली होती. हे एक वाक्य तिला सोसलं नाही. न आल्याबद्दल त्याला तिने कधीतरी माफ केलं असतं, माणसं तसं करतात. पण वर तोंड करून खोटं बोलायचं आणि दोष हिच्या डोळ्यांना द्यायचा? नकाशा तिच्याकडे होता, चौकट न् चौकट पाठ होती. त्यात वाट नव्हती. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचे फोन आले, तिने घेतले नाहीत. मग येईनासे झाले.

खोकं घरी नेऊन तिने चार दिवस तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळपाळी संपल्यावर ते रिक्षात घातलं आणि टीव्हीवाल्याकडे गेली. दादा खोटं बोलला होता हे तिला त्याच्याच कॉम्प्युटरवर बघून टाकायचं होतं. मग तो विषय संपला असता.

टीव्हीवाल्याच्या दुकानात आता कुणी टीव्ही दुरुस्तीला आणत नसे. म्हाताऱ्याचा एकट्याचा संसार, सोबतीला पाठ उघडलेले डबडे टीव्ही. खोक्यात डोकावून तो खूश झाला.

“अरे वा! हे कुठल्या जन्मातलं? आणि पुसूनबिसून ठेवलंय की कुणीतरी. कुठे गंज नाही.”

“माझ्या भावाचं आहे, काका. चालेल?”

“न चालायला काय झालं? मी चालतोच आहे अजून.”

त्याने एका टीव्हीला वायर जोडली. टेपरेकॉर्डर खोक्यात होताच, कॅसेटही आत घातलेली होती. टेप किंचाळू लागली. पहिल्यांदा जमलं नाही. म्हाताऱ्याने पेचकसाने टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू किंचित फिरवला आणि कान लावून ऐकलं. दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा पडदा काळा झाला आणि त्यावर मामा उभा राहिला. मिशा नसलेला, चार ठिपक्यांचा.

बांधलेल्या खोल्यांच्या यादीत एकच खोली होती.

स्टूल पुढे ओढून धाकटी बसली. तिची बोटं आपोआप चालू लागली. खाली, डावीकडे, दोन हिरे, वळसा. विचार करायची गरजच नव्हती, वाफेच्या यंत्राचं दार लावताना तरी कुठे करावा लागतो? मधल्या दगडाची डावी बाजू मोकळी केली, मग उजवी. वर चढली. शेवटचा हिरा काढून बाजूला झाली आणि पुढचं माहीतच असल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसली.

दगड खाली आला. मधल्या दगडाच्या डोक्यावर टेकला. आणि डावीकडे लवंडला.

कोपऱ्यातलं दार उघडं होतं. त्याच्यासमोर काही नव्हतं.

“बिघडलंय का हे?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

“काय झालं?”

“दगड डावीकडे गेला. उजवीकडे जातो तो. नेहमी उजवीकडेच जातो.”

“नेहमी म्हणजे कशात?”

“कॉम्प्युटरवर. मोबाइलवर. सगळीकडे.”

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याकडे पाहिलं. “त्या मागाहून आलेल्या आवृत्त्या. हा मूळचा खेळ. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या की आधी कुठे जायचं ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. नवीन बनवताना कुणाच्या तरी हातून उलट झालं असेल, पुढच्यांनी तेच उचललं. कोण बघायला जातंय, ताई? खेळच तर आहे.”

तिने पर्समधून चौकटीचा कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. गोल, फुल्या, टिंबं, सगळं होतं त्याच्या जागी. दगड कुठे लवंडतो ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. दादाला ते लिहावंसं वाटलं नसणार, त्याच्या डोळ्यांसमोर तो रोज डावीकडेच जायचा. आणि ही शेजारी बसून कागदावर मान घालून नकाशे काढत होती. ट्रेमधला चिमटा न् चिमटा तीनदा मोजणाऱ्या बाईने, दादाने ज्या कॉम्प्युटरवर खोली बांधली त्यावर, ती एकदाही लावून बघितली नव्हती. एक फोन केला असता तर दादाने तो टीव्हीला जोडला असता.

तिने वहिनींना फोन लावला.

“झाला का चालू?” वहिनींनी विचारलं.

“झाला. वहिनी, दादा याच्यावर खेळायचा?”

“खेळायचे कसले! तुमचं ते बोलणं झालं ना, तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी काढून बसायचे. तीच एक खोली. मी वैतागायचे, म्हणायचे, सुटतेय ना तुम्हाला, मग झालं की. तर म्हणायचे, धाकटी तीनदा मोजल्याशिवाय बोलत नाही. तिला वाट दिसत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल, बघू दे.”

धाकटीने कागदाची घडी घातली.

“ऐकतेयस ना?”

“हो.”

“मग? होती का वाट?”

“होती, वहिनी.”

फोन ठेवून ती पडद्याकडे बघत बसली. आईची नऊ वर्षं त्या दगडाबरोबर डावीकडे गेली नव्हती, ती होती तिथेच होती. त्यांच्यासाठी दादाशी भांडायचा तिचा हक्कही शाबूत होता. फक्त तो खोटं बोलला नव्हता. एवढंच उरलं होतं, आणि ते सांगायला आता कुणाकडे जायचं? आत कुठेतरी दुखायला हवं होतं. तिने थोडा वेळ थांबून पाहिलं. काहीच दुखलं नाही, फक्त हात गार पडले होते.

बराच वेळ कुणी कळ दाबली नाही म्हणून मामाने तोंड इकडे वळवलं आणि उघड्या दाराशेजारी उभा राहून तो पाय आपटायला लागला.

“अहो, बाहेर काढा की त्याला,” म्हातारा म्हणाला. “खोळंबलाय बिचारा.”

“काढते,” धाकटी म्हणाली.

तिने कळीवर बोट ठेवलं, दाबलं नाही. म्हाताऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं, मग दुकानाचा दिवा लावला आणि आणखी एक स्टूल आणून तिच्या शेजारी बसला. पडद्यावर मामा पाय आपटत राहिला.