भिंतीवरचा चौकोन

फुकट देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. छावणीत चार घरची धुणीभांडी करून मी एवढंच शिकले, की मालकिणीनं जुनी साडी दिली की त्या आठवड्यात दोन कामं जास्त पडतात. त्यामुळे सिस्टरांच्या इंग्रजी शाळेनं माझ्या विशाखाला पाचवीत बिनफीचं घ्यायचं ठरवलं आणि आधी घर बघायला येतो म्हणून निरोप आला, तेव्हाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

शेजारच्या मनकर्णाबाईला सगळं ठाऊक असतं. ती म्हणाली, "संध्या, मिक्सर झाकून ठेव. आन् बाबासाहेबाचा फोटो काढ. त्यांना भिंतीवर येशू लागतो. नसला तरी चालंल, पर दुसरं कुणी नको."

आमच्या घरात त्या फोटोचा हार कधी चुकलेला नाही. तरीही मी स्टुलावर चढले. नवरा रिक्षा घेऊन औरंगपुऱ्याला गेला होता, ते बरंच झालं. मालकिणीच्याच जुन्या साडीत फोटो गुंडाळला आणि पेटीत ठेवला. विशाखा बघत होती.

"शाळेसाठी," मी म्हणाले.

सिस्टर आल्या आणि चटईवर बसल्या. घरात किती माणसं, पाणी कुठून भरता, पोरगी अभ्यासाला कुठं बसते, असं विचारत गेल्या. प्रश्न इतके साधे, की माझा संशय वाढतच गेला. त्यांनी पाणी मागून घेतलं, तीही पाहणीच असणार. मीही ताकास तूर लागू दिली नाही.

मग त्यांची नजर भिंतीवर थांबली. धुरकटलेल्या रंगात एक चौकोन कोरा दिसत होता, वर खिळा.

"इथं काय होतं?"

"घड्याळ व्हतं. बंद पडलं."

त्यांनी विशाखाकडं पाहिलं. खोटं बोलू नये, हे तिला मीच शिकवलेलं.

"बाबासाहेब हायत," ती म्हणाली. "पेटीत."

गेली शाळा.

"आमच्यापैकी कुणी काढायला सांगितलं?" सिस्टरांनी विचारलं.

"नाय. मीच काढला."

त्यांनी पिशवीतून प्रवेशाचा अर्ज काढला. "गरिबाच्या लेकराला शिकवणं आमचं काम आहे, ताई. उपकार नाही. त्यासाठी कुणी भिंत रिकामी करायची नसते." त्यांनी अर्जावर सही केली. "सोमवारी घेऊन या."

त्या गेल्यावर मी फोटो पुसून जागेवर लावला. मला स्वतःची फार लाज वाटली. समोरच्यानं काही मागितलंच नव्हतं, आणि मी आधीच देऊन बसले होते.

विशाखानं स्टूल धरलं होतं.

"आई, सिस्टर परत आल्या की पुन्हा काढायचा का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेचा नियम समजून घ्यावा, तसं ती विचारत होती.