डाग आधीचा

विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर एकच बाक होता. त्यावर काकू आणि त्यांची लेक बसल्या होत्या, आणि एकमेकींकडे बघायचं दोघीही टाळत होत्या. अकराला आत बोलावणार होते. अकराला वीस मिनिटं कमी होती.

काकू म्हणजे वर्गाच्या काकू. वय चव्वेचाळीस, नोकरी मोठ्या लाँड्रीत, आणि लेकीच्या जन्मापायी सुटलेलं शिक्षण पुन्हा धरायला निघालेल्या. कॉलेजात मोठ्या वयाच्या लोकांना पंचेचाळिशीपर्यंतच प्रवेश मिळतो. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही, एवढं साधं गणित होतं.

पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग सक्तीचा. तीन निबंध लिहायचे, त्यातला एक तरी पास व्हायलाच हवा, नाहीतर प्रवेश रद्द. काकूंना वाटलं, यात काय मोठं? एकोणीस वर्षं आपण लिहीतच तर आहोत! लाँड्रीत त्यांचं काम तेच. कपडा धुवायला टाकण्याआधी उजेडात धरायचा, डाग, भोक, उसवलेली शिवण, जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी कपड्याला टाचायची. 'डावी बाही, चहा, डाग आधीचा.' खाली तारखेचा शिक्का आणि बघणारीची सही. पुढे गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याच्यासमोर चिठ्ठी धरायची. फक्त डाग कुणी पाडला हे कधीही लिहायचं नाही. तो लाँड्रीचा कडक नियम, आणि काकू नियमाला पक्क्या.

तिथेच घोडं अडलं. पहिला निबंध गावातल्या वाचनालयावर होता. काकूंनी खुर्च्या मोजल्या, फुटलेल्या काचा मोजल्या, ओल आलेली भिंत कुठून कुठपर्यंत ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. लेखनाच्या बाईंनी समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, 'तुमचं म्हणणं काय?' दुसऱ्या निबंधावरही तेच. बाई वर्गात घसा फोडून सांगायच्या, "आधी तुमचं म्हणणं मांडा. मग पुरावा द्या. मग समोरचा काय आक्षेप घेईल ते स्वतःच लिहा आणि त्याला उत्तर द्या. आणि कच्चं लिहिलेलं कधी फेकू नका!" काकू सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. म्हणणं मात्र काही केल्या सुचायचं नाही. जन्मभर ज्या बाईला कुणी म्हणणं विचारलं नाही, तिने ते एका सहामाहीत कुठून आणायचं?

तिसऱ्या निबंधाचा विषय होता, 'माझ्या कामावरचा एक नियम'. आणि मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बसून, रद्द झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर काकूंनी निबंधाचा मधला भाग एका दमात लिहून काढला.

लेकीने संध्याकाळी तो टाइप करून दिला. बुधवारी सकाळी काकूंनी छापलेले कागद वाचले. सुरुवात आपली, शेवट आपला, पण मधली दोन पानं आपली नाहीत हे त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं. मधे कसं सगळं गुळगुळीत होतं. 'उत्तरदायित्व' असा शब्दही होता, जो काकूंनी उभ्या जन्मात वापरला नव्हता. ती लेकीच्या निबंधातली होती, दोन वर्षांपूर्वी याच वर्गात लिहिलेल्या आणि बाईंनी त्या वेळी कौतुकाने वाचून दाखवलेल्या. काकूंनी कागद उजेडात धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. आणि नेऊन दिले.

पुढे काय होणार ते झालं. बाईंनी ती पानं ओळखली. शनिवारी पत्र आलं. सोमवारी अकरा वाजता हजर राहावे.

"आई, मी आत येते," लेक म्हणाली. "सांगते त्यांना, आईला काही माहीत नव्हतं म्हणून. तुझा मधला भाग फारच लंगडा वाटला गं मला. तू तिसऱ्यांदा नापास झाली असतीस."

"वाचलास का तू तो पूर्ण?"

चिठ्ठ्यांचं लहान अक्षर, त्यात घाई. पहिल्या दोन चिठ्ठ्यांपुढे लेक गेलीच नव्हती.

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. त्या चिठ्ठ्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. मी माझं लिहिलं होतं, एवढं तरी दाखवता येईल, असं त्यांच्या मनात होतं. मग सवयीने त्यांची नजर समोरच्या फलकावर गेली आणि त्यांनी नियम वाचला. मजकूर मूळ लिहिणाऱ्याच्या नकळत उचलला असेल, तर उचलणाऱ्याचं नाव कमी आणि दोन वर्षं प्रवेश बंद. लिहिणाऱ्याने जाणूनबुजून दिला असेल, तर दोघांनाही तीच शिक्षा.

लेक शेवटच्या वर्षाला. एका शाळेने तिला शिक्षिकेची जागा देऊ केली होती, कॉलेजचा स्वच्छ दाखला आणायच्या बोलीवर.

"हे तू वाचलं होतंस?"

"हो."

"आणि तरी आत येऊन सांगणार होतीस?"

"मग काय करू? तुझं वय थांबणार आहे का?"

तिचं नाक लाल झालं होतं. लहानपणी रडू दाबताना व्हायचं तसंच. काकूंना तिचा भयंकर राग आला होता, आणि तिला जवळ घ्यावंसंही तितकंच वाटत होतं.

"तू इथेच बस," त्या म्हणाल्या. "उठलीस तर याद राख."

आत विभागप्रमुख आणि बाई होत्या. विभागप्रमुखांना साडेअकराला दुसरीकडे जायचं होतं आणि ते त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "काय झालं ते लिहा. सही करा."

काकूंनी पेन उचललं. बाई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. काकूंनी पहिलं वाक्य लिहिलं, 'हे मी केलं.' आणि मग पेन थांबलंच नाही. मंगळवारी दुपारी लेकीची फाईल तिच्या नकळत उघडली आणि दोन पानं घेतली. पुरावा, मंगळवारी लेक दिवसभर कॉलेजात होती, हजेरीपट बघावा. कुणी म्हणेल, आईने मागितल्यावर लेकीने दिलं असेल. तसं असतं तर तिने शब्द बदलून दिले असते; स्वतःचाच गाजलेला निबंध जसाच्या तसा देण्याइतकी ती खुळी नाही.

विभागप्रमुखांनी कागद वाचला. "चोख लिहिलंय," ते नकळत बोलून गेले.

"मंगळवारी तुम्ही कामावर नव्हता?" बाईंनी विचारलं.

"रजा घेतली होती."

"कच्चं लिहिलेलं आणलंय?"

"फेकून दिलं."

बाईंची नजर पिशवीकडे गेली. पिशवीच्या तोंडाशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिसत होता. काकूंनी त्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. त्या चिठ्ठ्यांवर मंगळवारचा शिक्का होता आणि खाली त्यांचीच सही; म्हणजे त्या दिवशी त्या कामावरच होत्या. बाईंनी तोंड उघडलं असतं तर एका क्षणात सगळं बाहेर पडलं असतं, आणि बाहेरच्या बाकावरची पोर कायमची अडकली असती.

बाई काही बोलल्या नाहीत. विभागप्रमुखांनी सही घेतली, नाव कमी केल्याचं तोंडी सांगितलं, घड्याळ बघितलं आणि ते गेले.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या.

काकूंनी चिठ्ठ्या दिल्या. बाईंनी आधी शिक्का बघितला. मग पाठीवरचा मजकूर वाचायला घेतला. पांढऱ्या कोटाच्या खिशात पेन राहिलं होतं, त्याची शाई. काकूंनी नियमाप्रमाणे लिहिलं होतं, 'खिसा, शाई, डाग आधीचा.' पण खिसे तपासणं हे कपडे घेणाऱ्या कारकुनाचं काम, आणि त्याने ते केलं नव्हतं. धुण्यात बारा कपडे नासले. चिठ्ठीवर कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून सगळ्यांनी इस्त्रीवालीवर ढकललं आणि तिची नोकरी गेली. 'मला माहीत होतं,' काकूंनी लिहिलं होतं. 'माझं म्हणणं असं की, कुणी केलं तेही चिठ्ठीवर लिहिलं पाहिजे. नाहीतर जो सगळ्यात गरीब, त्याच्या माथी बसतं.'

बाईंनी मान वर केली. "कुणी केलं ते लिहावं, असं तुमचं म्हणणं आहे. आणि आज तुम्ही हे असं लिहिलंत?"

"फाईलचं खोटं आहे मॅडम," काकू म्हणाल्या. "पण 'हे मी केलं' ते खोटं नाही. बुधवारी मी वाचलं. डाग मला दिसला होता. मी चिठ्ठी लावली नाही."

बाईंनी लाल पेन्सिल काढली, शेवटच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि गठ्ठा परत दिला. 'तुमचं म्हणणं कळलं. उत्तीर्ण.' हे कुठल्याही गुणपत्रिकेवर जाणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

बाहेर लेक ताडकन उठली. "काय झालं? आई, बोल ना!"

काकूंनी चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. "सगळं सांगते. आधी हे वाच. या वेळी शेवटपर्यंत."

लाँड्रीत एकला हजर व्हायचं होतं. लेक वाचत होती, अक्षर बारीक होतं, वेळ लागत होता. काकू तिच्या शेजारी बसून राहिल्या.