वळणावरचा सिग्नल

माझा नवरा आमच्या दारापुढच्या वळणावर गेला. पोरीला शाळेतून आणायला हायवे ओलांडत होता, आणि सुसाट आलेल्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. तेव्हापासून मी एकच हट्ट धरला होता. त्या वळणावर सिग्नल हवा. पोरीला रोज तोच रस्ता ओलांडायचा आहे.

धाकट्या दिराने माझ्यासाठी कचेऱ्या पालथ्या घातल्या. सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही, असं मी शिलाईला येणाऱ्या प्रत्येक बाईला कौतुकाने सांगायची. शेवटी काम मंजूर झालं. सिग्नल मात्र एकच मिळणार होता, जिथे जीव गेला त्या जागी. जागा घरच्यांनी दाखवायची होती.

"वहिनी, तुम्ही नका येऊ," भावजी म्हणाले. "उगाच जखमेवरची खपली निघायची. मी आणि आई दाखवतो."

मला भरून आलं. काय हा समजूतदारपणा! माझ्याइतकी भोळसट बाई शोधून सापडायची नाही.

खांबाचा खड्डा खणला तो भावजींच्या हॉटेलसमोर. आमच्या वळणापासून ते चांगलंच लांब, आणि मधल्या अरुंद पुलावर पायी चालायला जागाच नाही. गाड्या न थांबता निघून जायच्या, म्हणून भावजी दिवसभर माश्या मारत बसायचे. आता लाल दिव्यापाशी गाड्या थांबणार होत्या.

मी तणतणत सिग्नलचं काम बघणाऱ्या इंजिनिअरबाईंना गाठलं.

"तुमच्या सासूबाईंनीच बोट दाखवलं," त्या म्हणाल्या. "आईच्या शब्दावर शंका कशी घेऊ? जागा चुकली असं त्यांनीच सांगितलं, तर खांब हलवता येईल."

सासूबाई भावजींकडे राहतात. दोनदा गेले, दोन्ही वेळा त्या म्हणे झोपल्या होत्या.

सिग्नल सुरू व्हायच्या दिवशी मी पोरीला घेऊन गेले. भावजी सगळ्यांना चहा देत होते. सासूबाई गल्ल्यामागे बसल्या होत्या. इंजिनिअरबाईंदेखत मी म्हटलं, "आई, आता तरी खरं सांगा."

"वहिनी, दुःखाने तुमचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही," भावजी म्हणाले. आवाज अगदी मायेचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात पोरीने विचारलं, "आजी, बाबा इथे गेले?"

अपघाताच्या दिवशी त्याचं डोकं याच बाईच्या मांडीवर होतं, माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर. तिने एकदा आपल्या उरलेल्या मुलाकडे पाहिलं.

"हो बाळा," ती म्हणाली, "इथेच."

इंजिनिअरबाईंनी कळ दाबली. गाड्या थांबल्या, हॉटेलातली बाकडी भरू लागली. मी पोरीचा हात धरून वळणावर परत आले. समोर शाळा दिसत होती. मधून ट्रक सुसाट जात होते, आणि पोर विचारत होती, "आई, मग आजी रडत का होती?"