तीनशेचा प्रोसेसर

शाहूपुरीतून एकेक पार्ट आणून प्रसेनजीतनं आमच्या गडमुडशिंगीच्या घरात कॉम्प्युटर जोडला. २००१ साली नोकरीसाठी इंग्लंडला जायच्या आदल्या दिवशी त्यानं त्यात शेवटचा उद्योग करून ठेवला. तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सेटिंग बदलून साडेचारशेवर नेला, त्याच्याबरोबर मेमरीचाही वेग वाढवला. "दीक्षे, फुकटात नवं मशीन झालं बघ!" म्हणाला. माझा भाऊ असाच. आहे त्यावर त्याचं कधी भागलं नाही.

दर रविवारी पाच वाजता आई बुद्धवंदना आटोपून, ठेवणीतलं पातळ नेसून माइकसमोर बसायची. स्पीकरमधून त्याचा आवाज यायचा, "आई, बरी हाईस काय?" आई फुलून जायची. आणि दहाव्या मिनिटाला मशीन हँग. पुन्हा चालू करून इंटरनेट जोडेपर्यंत साहेब ऑफलाइन!

"काय तरी सांगायचं हुतं गं त्याला," आई म्हणायची, "बोलता बोलता तुटलं." मग आठवडाभर तोच विचार. लग्नाचं असंल काय? परत येतो म्हणत असंल काय?

मशीन तापतंय म्हणून आईनं हौसेनं विणलेलं क्रोशाचं कव्हर मी काढलं. वडिलांनी टेबलफॅन लावला. फरक शून्य. खरा रोग, तो वाढवलेला वेग, मला ठाऊक होता, पण हात धजत नव्हता. त्या सेटिंगला शेवटचा हात त्याचा लागलेला. वेडेपणाच तो, पण त्याची फार आठवण यायची आणि ते तसंच राहावंसं वाटायचं.

एका रविवारी आई माइक हातात धरून रडली. दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेले. वेगाचा मूळ आकडा शंभरवरून सहासष्टवर आणला. प्रोसेसर तीनशेवर आला, मेमरीही खाली आली. सेव्ह करताना मलाही रडू फुटलं. आईला सांगितलं, त्यानं वाढवलेला वेग उतरवलाय, आता तुटणार नाही.

पुढच्या रविवारी मशीन हळू चाललं, पण चाललं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तिकडची थंडी बोलून झाली, म्हशीचं रेडकू झालं, जेवणखाण दोनदा झालं. मग विषय संपले. स्पीकरमधून कीबोर्डची टकटक तेवढी येत होती. तो दुसरंच काहीतरी करत होता.

"बोल की रं," आई म्हणाली.

"तसं काय न्हाय. तुमीच बोला."

"तुला काय तरी सांगायचं ऱ्हायलं हुतं न्हवं? दर बारीला तुटायचं बघ."

"मला? न्हाय की." टकटक थांबली. "ठेवू काय आई?"

"ठेव बाळा."

आईनं माइक टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दीक्षे, पुढच्या ऐतवारच्या आत ते पयल्यासारखं करून ठेव."