परत दिलेला चेंडू

बेसबॉलचा सामना हरला की संघाचा मॅनेजर रादामेस पॉलिनो याचं पालुपद ठरलेलं. "अरे, मॅनेजर काय करतो? बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. खेळतात ती पोरं!" जिंकल्यावर मात्र हे त्याला बरं आठवत नसे. सान पेद्रोतले सगळेच मॅनेजर असे. आणि मालक लोक तर अंगातला शर्ट बदलावा तसे मॅनेजर बदलतात.

यंदा ओळीनं सात सामने गेले होते. सकाळीच मालक उबाल्दोनं सांगून टाकलं, "आज हरलास तर घरी बस. तुझ्या जागी पोर्तो रिकोचा माणूस बॅग भरून तयार आहे." रादामेसला एकसष्टावं लागलं होतं. इथून गेलो की पुन्हा कुणी कुत्रं विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नऊपैकी आठव्या डावात संघ एका धावेनं पुढे होता. समोरचे दोघं बाद, तिसरा बाद झाला की डाव संपणार; पण एक गडी तिसऱ्या तळावर बरोबरीच्या धावेसाठी टपलेला. चेंडू टाकणाऱ्या पिचर येफ्रीचा एक चेंडू भलतीकडेच गेला आणि त्यानं कोपर झटकलं. रादामेस उठून मैदानात गेला.

साखर कारखान्यामागच्या मैदानावर, येफ्री नऊ वर्षांचा असताना, त्यानंच शिकवलं होतं, "दुखतंय असं तोंडानं म्हणायचं नाही, लोक बायल्या म्हणतात. चेंडू माझ्या हातात द्यायचा. मी काय ते समजेन." वीस वर्षांत येफ्रीनं असा चेंडू दोनदाच दिला होता. दोन्ही वेळा रादामेसनं अवाक्षर न काढता तो घेतला होता आणि त्याला बाहेर बसवलं होतं.

आताही येफ्रीनं चेंडू शर्टाला पुसला आणि पुढे केला. फेब्रुवारीत त्याला उत्तरेतल्या बड्या संघाकडे खेळायला जायचं होतं. सहा वर्षांनी बोलावणं आलं होतं.

रादामेसनं एकदा प्रेक्षकांच्या वरच्या मालकाच्या खोलीकडे पाहिलं. मग चेंडू येफ्रीच्या तळव्यात परत ठेवून त्याची बोटं मिटवली.

"एवढा एकच गडी, बाळा."

येफ्रीनं चेंडू मुठीत आवळला. "बरं, काका."

तीन चेंडूंत गडी बाद झाला. शेवटच्या चेंडूला येफ्रीच्या कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज समोर चेंडू झेलणाऱ्या कॅचरला ऐकू आला. बाकी सगळं मैदान ढोल बडवत नाचत होतं. नववा डाव दुसऱ्यानं कसाबसा निभावला.

सामना संपल्यावर उबाल्दो रमची बाटली घेऊनच आला. "रादामेस! काय तो निर्णय! कोण म्हणतं मॅनेजरनं फरक पडत नाही?"

रादामेसनं बाटलीला हात लावला नाही. आतल्या खोलीत येफ्री बर्फात हात बुडवून बसला होता. डॉक्टर नकारार्थी मान हलवून नुकताच बाहेर पडला होता. रादामेसला लाज वाटत होती, दारातून पुढे पाऊल उचलत नव्हतं.

"काका," येफ्रीनं मान वर न करता विचारलं, "मी चेंडू नीट दिला नव्हता का?"

"दिला होतास रे," रादामेस म्हणाला. "नीट दिला होतास."